घरी सुशी रोल करायचेत? आधी भाताकडे बघा

सुशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आधी कच्चा मासाच येतो आणि बरेच जण तिथूनच मागे फिरतात. खरं तर रोल जमणार की फसणार ते भातावर ठरतं, आणि माशाशिवायही मस्त रोल होतात, जपानमध्ये नुसत्या काकडीचा कप्पा-माकी अगदी नेहमीचा प्रकार आहे. तर सुरुवात काकडीपासूनच करा.

तांदूळ जपानी शॉर्ट ग्रेनच घ्या, पाकिटावर बहुतेक वेळा सुशी राइस असं लिहिलेलं असतं. लांब दाण्याचा नको, त्यात चिकटपणा आणणारा स्टार्च कमी असतो त्यामुळे कितीही दाबून गुंडाळलं तरी कापताना भात सुटतो. २ कप तांदूळ हलक्या हाताने धुवायचे, पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत, मग अर्धा तास भिजवायचे आणि पाणी काढून टाकायचं. शिजवायला साधारण सव्वादोन कप पाणी, झाकण लावून मंद आचेवर, आणि गॅस बंद केल्यावर १० मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, आतल्या वाफेवरच दाणा नीट फुलतो.

तोवर पाव कप राइस व्हिनेगर, २ टेबलस्पून साखर आणि १ टीस्पून मीठ एकत्र करून जरासं गरम करा, साखर विरघळली की बास, उकळायचं नाही. भात गरम असतानाच पसरट भांड्यात काढून त्यावर हे ओता, कारण गार भात ते नीट शोषत नाही. कालवताना उलथनं उभं धरून कापल्यासारखं फिरवायचं, घोटलंत की लगदा झालाच म्हणून समजा. सोबत कोणाला तरी वारा घालायला बसवा, दाण्यांवर छान चकाकी येते. भात हाताला कोमट लागला की तयार, वर ओलं फडकं टाका. फ्रीजमध्ये मात्र अजिबात ठेवू नका, कडक होतो.

आता गुंडाळणं. पहिल्यांदा करताना सगळ्यांनाच भात भरपूर घालावासा वाटतो आणि मग रोल बंदच होत नाही! बांबूच्या मॅटवर नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागदासारखा पातळ तुकडा, चकचकीत बाजू खाली करून ठेवा. वाटीत पाणी आणि थोडं व्हिनेगर घेऊन त्यात बोटं बुडवा, नाहीतर निम्मा भात हातालाच चिकटेल. भात बोटांच्या टोकांनी पसरवायचा, दाबायचा नाही, थर इतका पातळ की मधूनमधून खालची नोरी दिसली पाहिजे. आपल्यापासून लांबच्या कडेला दीड-दोन सेंटीमीटर पट्टी रिकामी सोडा, रोल तिथेच चिकटतो.

सारण आपल्या बाजूच्या कडेपासून थोडं आत, एका ओळीत. काकडीच्या बिया काढा म्हणजे पाणी सुटणार नाही. अॅव्होकॅडो, गाजर, शिजवलेली कोळंबी काहीही चालेल, पण एका रोलमध्ये दोन-तीन गोष्टींच्या वर जाऊ नका. मग अंगठ्यांनी मॅट उचलायची, बाकीच्या बोटांनी सारण आत धरून ठेवायचं आणि एका दमात पलीकडे न्यायचं, भाताची कड भाताला टेकली पाहिजे. तिथे मॅटवरून हलकं आवळा, मॅट मोकळी करून पुढे सरकवा आणि शेवटपर्यंत गुंडाळा. जोड खाली करून मिनिटभर राहू द्या.

सुरी धारदारच हवी. आधी मधोमध कापा, मग दोन्ही अर्धे शेजारी ठेवून प्रत्येकाचे तीन किंवा चार तुकडे, आणि दर कापाला सुरी ओल्या फडक्याने पुसा, हा कंटाळा केलात तर कडा फाटतातच.

भात बाहेर असलेला उरामाकी दिसतो भारी पण तो हात बसल्यावर. कच्चा मासाही तसाच, घालायचाच असेल तर कच्चा खाण्यासाठी म्हणून विकला जाणाराच घ्या, बाजारातला ताजा म्हणजे कच्चा खायला सुरक्षित असं नसतं, परजीवी मारण्यासाठी तो उणे २० अंशाला ७ दिवस गोठवतात आणि घरचा फ्रीजर नेहमी तेवढा थंड असेलच असं नाही.

रोल केल्या केल्या खा, थोड्याच वेळात नोरी ओलसर होऊन चिवट लागते.