अलाइनमेंट टिकत नाही? जुन्या पिकअपवाल्यांनो, या चुका टाळा

"अलाइनमेंट करून चार दिवस झाले नाहीत, तोच गाडी पुन्हा ओढायला लागली." जुनी पिकअप चालवणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतकं ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "मशीनवाल्याला काही कळत नाही." मग गाडी दुसऱ्या मशीनवर, तिथून तिसऱ्या. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं; मशीन बिचारं ते फक्त मोजतं. चाक कुठल्या दिशेला बघतंय एवढं ते सांगेल. त्या चाकाला धरून ठेवणारे सांधे ढिले आहेत की घट्ट, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. ढिल्या सांध्यावर बसवलेला कोन पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

सांधे न तपासता गाडी थेट मशीनवर चढवणं

बरेच जण तपासतात, पण कसं? जॅकवर चाक उचलायचं, एकदा हलवायचं आणि "ओके आहे" म्हणायचं. याला तपासणी म्हणत नाहीत.

माझी सवय अशी. गाडी चारही चाकांवर जमिनीवर, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग असेल तर चालू. एकानं स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली स्टिअरिंग आणि चाकं जोडणाऱ्या एकेका सांध्यावर हात ठेवायचा: टाय रॉड एंड, आयडलर आर्म, पिटमन आर्म, मधली लिंक. एक बाजू हलते आणि दुसरी मागाहून हलते, तिथे झीज आहे. डोळ्याला न दिसणारा प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, बोटांना कळतो.

बॉल जॉइंटचं, म्हणजे चाकाकडच्या टोकाला कंट्रोल आर्म जोडणाऱ्या गोल सांध्याचं, वेगळं आहे. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई) खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्या आर्मखालीच लावा. चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा दाब जॉइंटवर तसाच राहतो आणि सगळा प्ले लपतो. मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले दिसला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बहुधा बेअरिंग, राहिला तर जॉइंट. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. घाई असली तरी.

फक्त पुढची चाकं बघणं

ही माझी लाडकी चूक. मागे एक पिकअप आली होती. मालकाच्या हातात अलाइनमेंटच्या रिपोर्टांची चळत. पुढचे टाय रॉड एंड नवे, बॉल जॉइंट नवे, टायर नवे. तक्रार एकच: सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेलं. दरवेळी कुणीतरी टाय रॉड फिरवून ते सरळ करून द्यायचं आणि माल भरून दोन-चार फेऱ्या झाल्या की पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी गाडीच्या मागे उभा राहिलो आणि ती सरळ पुढे न्यायला सांगितली. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत नव्हतीच. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली होती. मग टेप काढला. पाट्याच्या (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्यापासून मागच्या अॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं, तर डावी बाजू जवळजवळ पाऊण इंच मागे. अॅक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट ढिले होते आणि पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला. अॅक्सलला जागेवर धरणारं काही उरलंच नव्हतं. ओझं आणि ब्रेक यांच्या ओढाताणीत तो सरकत होता, म्हणून सेटिंग टिकत नव्हतं. मागचा अॅक्सल डावीकडे बघत असेल तर सरळ जायला पुढची चाकंही डावीकडे वळवावी लागतात, म्हणून ते कललेलं स्टिअरिंग. नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट आणि मग एकदाच अलाइनमेंट. विषय संपला.

तेव्हा टेप आधी, मशीन नंतर. मशीनवर गेलातच तर मागच्या चाकांचे आकडेही मागा. "पिकअपला मागे अॅडजस्टमेंट नसते" हे उत्तर मिळेल. नसते हे खरं, पण मोजता तर येतं ना? जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि तुटलेला सेंटर बोल्ट घेऊन परत येतात.

गाडी ओढते म्हणून टो बदलत बसणं

टो, म्हणजे चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत तो कोन, चुकला की टायर घासतो, ट्रेडवरून हात फिरवला तर करवतीसारखी धार लागते. पण नुसत्या पुढच्या टोमुळे गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही, कारण दोन्ही चाकं तो फरक आपसात वाटून घेतात. ओढण्यामागे दोन बाजूंच्या कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांतला फरक, टायर किंवा चिकटलेला ब्रेक असतो. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला जाते आणि कमी पॉझिटिव्ह कॅस्टरच्या बाजूला.

एक पैसाही खर्च न करता होणारी चाचणी म्हणजे पुढची दोन चाकं आपसात बदलणं. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तेवढीच राहिली तर ब्रेक बघा: फेरीनंतर एक हब दुसऱ्यापेक्षा खूप तापलाय का? अर्ध्या तासाचं काम. पण नवशिक्यांना पाना हातात घेऊन टाय रॉड फिरवण्यात जो आनंद मिळतो, तो यात नाही.

गाडी लटकलेली असताना बुश आवळणं

कंट्रोल आर्मचे रबरी बुश बसवताना चाकं हवेत आणि बोल्ट पूर्ण आवळलेले, हे नेहमीचं दृश्य. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं. उंची बदलते, कॅम्बर बदलतो आणि रबर लवकर फाटतं. बोल्ट हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे करा, दाबून हलवा आणि मग शेवटचं आवळा.

बाकीच्या, थोडक्यात

हवा न तपासता मोजणं. यावर बोलायलाही लाज वाटते.

टॉर्शन बार चढवून पुढची उंची वाढवायची आणि अलाइनमेंट तशीच ठेवायची. उंची बदलली की सगळे कोन बदलतात. आधी उंची, मग कोन.

जॅकवरून उतरवल्या उतरवल्या टो मोजणं. चाकं अजून आत ओढलेली असतात. गाडी थोडी चालवून घ्या.

टाय रॉडच्या स्लीव्हचे (लांबी कमी-जास्त करणाऱ्या नळीचे) क्लॅम्प आवळायला विसरणं. हसू नका, बघून या.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळणं

लिंकेजमधला (स्टिअरिंगच्या सांध्यांच्या साखळीतला) प्ले स्टिअरिंगच्या गिअर बॉक्सच्या माथी मारून वरचा स्क्रू आवळायचा, हा शॉर्टकट फार लोकप्रिय आहे. जास्त आवळला की बॉक्स मध्यावर जखडतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. मग लोक कॅस्टरला दोष देतात आणि पुन्हा मशीनवर. स्क्रूला हात लावण्याआधी सगळे सांधे तपासून त्यांच्यात दोष नाही याची खात्री करून घ्या. आणि बॉक्स चेसिसवर जिथे बसतो ती जागा घासून स्वच्छ करा, दुसऱ्याला स्टिअरिंग हलवायला सांगून उजेडात नीट बघा. जुन्या पिकअपला तिथे क्रॅक जातात. फट उघड-मिट करताना दिसली तर गाडी रस्त्यावर काढू नका. चेसिसचं काम जाणणाऱ्या वेल्डरला तिथेच बोलवा.