बॉनेटचा सोललेला क्लिअर कोट

सेकंडहँड गाडी, उन्हाने बॉनेटवर क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे सुटलेले. नख लावलं की कपची निघायची. वॅक्स-पॉलिशने हे झाकत नाही, पैसे वाया. 800 नंबरच्या वॉटर पेपरने (ओल्याने घासायचा पॉलिश पेपर) पाणी मारत कडा घासल्या, बोटाला पायरी लागेनाशी होईपर्यंत. पाणी दुधाळ पांढरं येतंय तोवर क्लिअरच निघतोय. पाण्यात गाडीचा रंग दिसू लागला की हात आवरायचा, नाहीतर बेस कोटही, म्हणजे खालचा रंगाचा थरही, मारावा लागतो. मधेच ठिगळ लावलं तर जोडावरून पुन्हा सुटतं, म्हणून अख्खं बॉनेट 1000ने मॅट केलं. मग टूके क्लिअरचे, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरचे, पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं सोडून. यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी मास्कने भागत नाही, फिल्टर कार्ट्रिजवाला मास्क हवा, जागाही मोकळी. नीट कडक झाल्यावर 2000चा पेपर, मग रबिंग कंपाउंड.