बोअर करण्याआधी हवा तपासा: जुनी टू-स्ट्रोक शिकायला घेणाऱ्यांसाठी

पिस्टन धरला, गाडी गॅरेजला टाकली, मेस्त्रीने ब्लॉक बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) नवा पिस्टन घातला, आणि महिन्याच्या आत चोर्ला घाटात गाडी परत जाम. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात जुनी आरएक्स १०० किंवा येझदी बाळगणाऱ्याला हे चक्र नवं नाही. दुसऱ्यांदा गेलात की मेस्त्री सांगणार, "तुम्ही रेस जास्त मारलात." तिसऱ्यांदा गेलात की पेट्रोल खराब, नाहीतर पिस्टन डुप्लिकेट. यातलं एखादं खरंही असतं. पण पिस्टन का धरला हे न शोधता बोअर केला तर पैसे तर जातातच, शिवाय जे परत मिळत नाही तेही जातं.

ते म्हणजे ब्लॉकचं मटेरियल. आरएक्सचा बोअर मुळात ५० मिमी. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीचे, म्हणजे चार संधी. काही गॅरेजवाले मधली पायरी गाळून थेट ०.५० ला जातात, कारण तो पिस्टन दुकानात पडून असतो. कंपनीची आरएक्स १०० तर १९९६ सालीच बंद झाली. बरा ओरिजिनल ब्लॉक आता भंगारवाल्याकडेही सहज मिळत नाही. म्हणून पहिला नियम: कारण सापडेपर्यंत ब्लॉक मशीनवर चढवू द्यायचा नाही. मेस्त्री रागावला तर रागावू दे.

आता मूळ मुद्दा. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचं ऑइल सील गेलं तर तेल गळतं, खाली डाग पडतो, कुणालाही दिसतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना केसमध्ये ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत येतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं असेल तर त्याच ओढीने तिथून कोरडी हवाही आत शिरते. या हवेत ना पेट्रोल ना तेल. मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टनचा माथा तापतो, पिस्टन फुगतो आणि धरतो. बाहेर तेलाचा थेंबही नसतो. आयुष्यभर स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोक उघडलेला मेस्त्री मॅग्नेट कव्हर काढतो, आत कोरडं बघतो आणि "सील ओके" म्हणून कव्हर लावतो. फसगत इथेच होते. मॅग्नेटकडची बाजू कोरडी दिसली म्हणून सील चांगलं ठरत नाही.

क्लचकडचं सील गेलं तर उलटी तऱ्हा. गिअर तेल केसमध्ये ओढलं जातं, धूर संपता संपत नाही, प्लग ओला राहतो आणि गिअर तेलाची पातळी कुठेही गळती नसताना उतरते. यावर गॅरेजचा ठरलेला उपाय म्हणजे ऑइल पंप (मिश्रणात टू-स्ट्रोकचं तेल सोडणारा) कमी करणे. त्यामुळे धूर थोडा घटतो आणि पिस्टन मात्र कोरडा पडतो.

हवा ओढणारी गाडी ओळखता येते. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच लटकतं. सकाळी आयडलिंग बसवावं तर दुपारी चढलेलं असतं. एअर स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही. चढाला खडखड वाजतं, प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक दिसतं. अशा गाडीला मेस्त्री कार्बोरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकून देतात. मोठ्या जेटने खालचा रोग झाकला जातो आणि गाडी सरळ रस्त्यावर चालतेही. मग एखाद्या लांब चढाला धरते.

तपासणी घरी होते. डॉक्टरांच्या जुन्या, डायलवाल्या बीपी यंत्राचा फुगा आणि डायल घ्या. कफला दोन नळ्या असतात, एक फुग्याची आणि एक डायलची. कफ काढून टाका आणि दोन्ही नळ्या माशांच्या टाकीला लावतात त्या प्लास्टिकच्या टीने एकत्र करा. डायल ३०० मिमीपर्यंत असतो, म्हणजे सहा पीएसआयला थोडा कमी. एवढा दाब पुरतो. टायरचा पंप किंवा कॉम्प्रेसर लावू नका, चांगलं सीलही जागेवरून सरकेल.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड बंद करा: सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर लोखंडी पट्टी, आणि सायलेन्सरच्याच बोल्टने आवळा. कार्बोरेटर उतरवा आणि दाब कार्बोरेटरच्या बाजूनेच द्या. आरएक्सला रीड व्हॉल्व्ह आहे, म्हणजे मिश्रण आतच सोडणाऱ्या, परत न जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या. एक्झॉस्टकडून हवा भरलीत तर रीड मिटतात आणि त्यांच्या मागचा रबर जॉइंट तपासायचाच राहून जातो. ऑइल पंपाची बारीक नळी काढून तिचं टोक बंद करा. प्लग घट्ट असू दे. पिस्टन तळाशी आणा, म्हणजे वरचा ब्लॉक आणि खालची केस एकत्र होऊन हेड पॅकिंगपासून सीलपर्यंत सगळं एकाच वेळी तपासलं जातं.

डायल २५० वर न्या आणि थांबा. चांगलं बांधलेलं इंजिन पाच मिनिटं काटा जवळजवळ हलू देत नाही. मिनिटाला ५० मिमीहून जास्त उतरला तर गळती आहे. आता साबणाचं पाणी: आधी तुम्हीच लावलेल्या बुचांवर (पहिल्यांदा बहुतेक तिथेच गळतं, घाबरू नका), मग बेस पॅकिंग, रबर जॉइंट, हेड, आणि शेवटी मॅग्नेट उतरवून मागचं सील. क्लचकडच्या सीलचे बुडबुडे दिसत नाहीत, ते आत तेलात असतं. गिअर तेलाचं झाकण काढून त्या भोकावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला की कळलं. चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडून हवा शोधणारे मेस्त्री आहेत. त्यांच्या शेजारीही उभे राहू नका.

मॅग्नेट उतरवताना त्या गाडीच्या आट्याचा पुलर लागतोच. टू-स्ट्रोकचा क्रँक दाबून बसवलेला असतो. टोकावर हातोडा पडला की तो वाकडा होतो, आणि वाकड्या क्रँकवर नवं सीलही टिकत नाही. डायल गेजवर क्रँकचा वाक साधारण ०.०३ मिमीच्या आत हवा. कव्हरचे चौफुली स्क्रू जपानी घडणीचे असतात, साधा फिलिप्स त्यांची तोंडं खातो. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. जुनी गाडी बघायला गेलात तर आधी हे स्क्रू बघा. तोंडं खाल्लेली असतील तर आत कसले हात फिरलेत ते समजतं.

सील काही इंजिनांत बाहेरून निघतं, तर काहींत काठाला कड असल्यामुळे केस फोडावी (दोन भागांत उघडावी) लागते. नवं सील हातात घेऊन आधी बघा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर खुपसा. स्प्रिंगची बाजू केसच्या आत, ओठाला ग्रीस, आणि बाहेरच्या मापाच्या गोटीने (सॉकेटने) सरळ दाबायचं. केस उघडलीच असेल तर बेअरिंगही बदला, पाकिटावर सी३ (आत जरा जास्त मोकळीक) लिहिलेलंच. साधं बेअरिंग स्वस्त पडतं, पण क्रँक तापला की आवळतं. इथेनॉलच्या पेट्रोलचा त्रास वेगळाच. ऊस आपल्याच शिवारातला, पण जुने रबर त्याने फुगतात आणि मिश्रण आणखी लीन होतं. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची नीडल त्याच वेळी बदलून टाका.

एवढं झाल्यावरही बोअर करायचाच असेल, तर आधी पिस्टन विकत घ्या आणि तोच मशीनवाल्याला द्या. "०.५० करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" असं कधीच नाही. कागदावर क्लिअरन्स लिहून द्या, ५० मिमीच्या पिस्टनला साधारण ०.०४ मिमी. परत घेताना पोर्टच्या (ब्लॉकमधल्या खिडक्यांच्या) कडा बोटाने बघा. धारदार असतील तर धार मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंग बोअरमध्ये ठेवून फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, फट ०.१५ ते ०.३५ मिमीमध्ये बसली पाहिजे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

शिकायचं कुणाकडे? माझं मत सरळ आहे आणि पटलं नाही तरी चालेल. ज्या गॅरेजात फीलर गेज नाही, तिथे फुकट उमेदवारी करू नका. दोन वर्षं चहा आणून शेवटी कानाने आयडलिंग बसवायला शिकाल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर बसणाऱ्या माणसाशी ओळख करा. तो मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो आणि विचारलं तर दाखवतोही. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स जुन्या कार्बोरेटरच्या कामाचा फारसा नाही, पण व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात बसतात, आणि ते पुरे. मोबाईलवरचे व्हिडिओ उघडायला शिकवतात, मोजायला क्वचित. येझदी म्हैसूरची म्हणून कर्नाटकात पार्ट भरपूर, असंही कुणी सांगेल. पार्ट मिळतात, पण माप बघूनच घ्या.

गॅरेजला द्यावीच लागली तर कार्बोरेटर, रीड आणि मॅग्नेटवर आतल्या बाजूला रंगाचा ठिपका ठेवा आणि फोटो काढा. जुने पार्ट परत हवेत हे आधीच बोला. "सावकाश करा, घाई नाही" असं म्हणालात की गाडी दिवाळीपर्यंत तिथेच, आणि तिचे पार्ट दुसऱ्याच्या गाडीत.

घाबरण्यासारखं मात्र यात काही नाही. आरएक्सचं इंजिन उघडायला तो पुलर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर सोडले तर दहा, बारा आणि चौदाच्या पान्यांच्या पलीकडे फारसं लागत नाही. एकदा काटा २५० वर स्थिर उभा राहिलेला बघितलात की अर्धी भीती तिथेच जाते.

बांधून झाल्यावर ऑइल पंपातली हवा काढा. पंप खरंच तेल देतोय याची खात्री होईपर्यंत टाकीतही लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल घाला. धूर येईल, येऊ द्या. पहिले ५०० किमी सांबऱ्याच्या सपाट रस्त्याला किंवा तसल्याच, एका रेसला लांब न धरता, डबल सीट नको. येझदी-राजदूतवाल्यांनी घाट उतरतानाही अधूनमधून रेस द्यायची. त्यांना तेल पेट्रोलमधूनच येतं, आणि रेस पूर्ण बंद ठेवून घाटाखालच्या, गोव्यातल्या साखळी गावापर्यंत उतरलात तर पिस्टनला ते मिळतच नाही. ५०० झाले की हेडचे नट थंड इंजिनावर परत आवळा, प्लग काढून बघा आणि बीपीचा फुगा पुन्हा एकदा लावा.