कचरा वेगळा करताना या चुका टाळा

घरात दोन डबे ठेवले की वर्गीकरण झाले, असा समज सर्वत्र आढळतो. मोठ्या शहरातील वर्गीकरण केंद्रात मात्र सुका कचरा सरकत्या पट्ट्यावरून झपाट्याने पुढे जातो आणि तेवढ्या वेळात जे ओळखता येत नाही, त्याची रवानगी बहुधा कचराभूमीत किंवा भट्टीत होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सुका कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देणे. आत काच किंवा सुई असेल या भीतीने कामगार अशी पिशवी अनेकदा उघडत नाहीत. ती फाटलीच, तर पातळ प्लॅस्टिक चाळणीच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळले जाते आणि सारे यंत्र थांबवून ते हाताने कापून काढावे लागते. त्यामुळे पालिकेचा नियम वेगळा नसेल, तर सुका कचरा सुटाच द्यावा.

तेलकट खोके कागदात टाकू नयेत. कागदाचा लगदा पाण्यात होतो आणि तंतूंना चिकटलेले तेल त्या पाण्यात सुटत नाही. खोक्याचे कोरडे झाकण फाडून सुक्या कचऱ्यात द्यावे. डबे-बाटल्या मात्र लख्ख घासत बसण्याची गरज नाही. विसळून निथळल्या तरी पुरे.

एकात एक वस्तू कोंबणे ही वरवर नीटनेटकी वाटणारी, पण घातक सवय आहे. लोखंड चुंबकाने, ॲल्युमिनियम भोवरा-विद्युतप्रवाहाने (फिरत्या चुंबकामुळे धातूत निर्माण होऊन त्याला बाजूला ढकलणाऱ्या प्रवाहाने) आणि प्लॅस्टिक अवरक्त प्रकाशाने वेगळे केले जात असल्याने बरणीत दडवलेला धातूचा डबा यंत्राला फसवतो. काळे प्लॅस्टिक तर बऱ्याच यंत्रांना दिसतच नाही, कारण त्यातील काजळीचे रंगद्रव्य हा प्रकाश शोषून घेते. वस्तूवरील त्रिकोणात १ ते ७ पैकी आकडा असला म्हणजे तिचा पुनर्वापर होतोच, हाही गैरसमज आहे. १९८८ साली आलेला तो संकेत केवळ प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो.

चिनी मातीचे तुकडे काचेत नकोत. काच वितळते त्या तापमानाला ते वितळत नाहीत.

बॅटरीबाबत मात्र हयगय अजिबात नको. लिथियमची बॅटरी कचरागाडीत दाबली गेली, की आत शॉर्टसर्किट होऊन गाडीलाच आग लागू शकते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या संकलन केंद्रातच द्यावी, आणि फुगलेली असेल तर ती देईपर्यंत जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी.