मर्यादित इंटरनेटवरून ऑनलाइन बॅकअप: या चुका टाळा

डिस्क गेली की लोक माझ्याकडे येतात आणि सांगतात, "बॅकअप तर लावला होता." लावलेला असतो, पण पोचलेला नसतो. कारण अपलोडचा वेग किती, हे कुणी पाहिलेलंच नसतं. जाहिरातीत ठळक छापतात तो डाउनलोडचा वेग. बॅकअप जातो अपलोडने. शिवाय वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, म्हणजे मध्ये 8 ने भागायचं. 2 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. या वेगाने 100 जीबी चढवायला, लाइन एकदाही तुटली नाही तरी, साडेचार दिवसांच्या वर लागतात. हा हिशेब आधी कागदावर मांडा.

माझ्या एका फोटोग्राफर मित्राने तो मांडला नाही. रोज रात्री 11 वाजता सगळ्या फोटोंची एकच झिप तयार व्हायची, नावात तारीख पडायची आणि ती क्लाउडवर निघायची. झिप 40 जीबीची, अपलोड 2 एमबीपीएस. एक फाइल चढायला जवळपास 45 तास, आणि दर 24 तासांनी पुढची फाइल दारात हजर. दोन्ही अपलोड एकमेकांचा वेग खायचे, मध्येच लाइन तुटायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. बरं, जेपीईजी आधीच दाबलेली असते, त्यामुळे झिप करून आकारही घटत नव्हता. 22 व्या दिवशी डिस्क बसली. आम्ही दोघांनी क्लाउडचं खातं उघडलं, तर तिथे एकही पूर्ण फाइल नाही. लॉगमध्ये रोज 'सुरू झाले' अशी नोंद, 'पूर्ण झाले' एकदाही नाही. शेवटच्या दोन कार्यक्रमांचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डांवर होते म्हणून वाचले. बाकीचं सगळं गेलं.

तेव्हापासून मी कुणालाच एका मोठ्या फाइलचा बॅकअप घेऊ देत नाही. मी रेस्टिक नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फाइलींचे तुकडे करतं आणि नवे तुकडेच पाठवतं; लाइन तुटली तर पुन्हा चालवल्यावर आधी पोचलेले तुकडे परत जात नाहीत. पहिल्याच रात्री अख्खी ड्राइव्ह निवडायची घाई मला अजिबात पटत नाही. आधी कागदपत्रं, मग घरचे फोटो, मग चालू काम, असं एकेक फोल्डर चढवा. पहिलं फोल्डर पूर्ण झाल्याशिवाय मी दुसरं जोडत नाही. डाउनलोड केलेले सिनेमे आणि इन्स्टॉलर यांना या रांगेत जागाच नाही. जुना साठा फार मोठा असेल तर तो एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या, डिस्कवर घालून दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. नेटवरून फक्त रोजची भर जाऊ द्या.

सिंक, म्हणजे संगणकावरचं आणि क्लाउडवरचं फोल्डर सतत सारखं ठेवणं, हा बॅकअप नव्हे. इथे फोल्डर पुसलं की तिथलंही पुसलं जातं, आणि कचरापेटी ठरावीक दिवसांनी रिकामी होते. जुन्या आवृत्त्या राखल्या जात नसतील तर त्यावर विसंबू नका.

अपलोडला पूर्ण लाइन देऊ नका. ती भरली की साधं वेबपानही उघडेनासं होतं, मग घरातलं कुणीतरी वैतागून बॅकअपच बंद करतं. मी दिवसा निम्म्यावर मर्यादा ठेवतो, रात्री मोकळी सोडतो. क्लाउडवर फाइली पाठवणाऱ्या आरक्लोन या सॉफ्टवेअरमध्ये तर वेळेनुसार मर्यादा लावता येते.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कुणीही उघडून देऊ शकत नाही. तो त्याच संगणकात ठेवू नका, कागदावर लिहून दुसरीकडे ठेवा.

आणि परत आणून पाहा. दर महिन्याला मी एक फोल्डर वेगळ्या जागी उतरवतो आणि त्यातल्या चार-पाच फाइली उघडतो. सगळा साठा परत आणायला डेटाची मासिक मर्यादा पुरेल का, तेही आत्ताच बघा. स्वस्त म्हणून अॅमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह (क्वचितच लागणाऱ्या डेटासाठीची साठवण) घेतलं असेल, तर मागितलेली फाइल उतरवण्याजोगी व्हायलाच नेहमीच्या पद्धतीने 12 तासांपर्यंत आणि स्वस्तातल्या 'बल्क' पद्धतीने 48 तासांपर्यंत लागू शकतात, आणि उतरवण्याचा वेळ त्यानंतर सुरू होतो.