नाताळ दोन आठवडे आधी: दिवस कसा जुळवावा आणि रोज मिळणाऱ्या गोष्टींची कृतज्ञ आठवण कशी ठेवावी

कुणाची पंचवीस तारखेला रात्रपाळी असते, कुणाला जहाजावर परतायचं असतं, कुणाची लेक त्या दिवशी सासरी असते, तर कुणाचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात ठरतं. अशा वेळी नाताळ आधी करणं हा सरळ उपाय आहे. फक्त ‘उरकून घेऊ’ हे शब्द बोलण्यातून काढून टाका. लवकरचा नाताळ बहुतेकदा फसतो तो याच वृत्तीनं. अर्धी सजावट, घाईचं जेवण आणि ‘खरं काय ते पंचविसाला करूच’ असं म्हणून मागे ठेवलेल्या भेटवस्तू. मग धड हाही दिवस साजरा होत नाही, धड तोही.

तारीख पुढेमागे करण्यात मन खात असेल, तर एवढं लक्षात घ्या की शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची तारीख कुठेच दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेला दिसतो, आणि जुलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही आपल्या ७ जानेवारीला नाताळ करतात. चर्चची उपासना तिच्याच दिवशी होईल. तुम्ही हलवताय तो घरचा सण.

दिवस ठरवताना

निदान चार आठवडे आधी तारीख पक्की करा आणि ती एकाच माणसानं सगळ्यांना लेखी कळवावी. ‘साधारण दहा-बारा तारखेला’ असं सांगितलं की कुणीतरी हमखास चुकतो. डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार-रविवार बरा पडतो, कारण त्याआधी परीक्षा आणि कामं आडवी येतात आणि त्यानंतर प्रवासाची गर्दी सुरू होते. जाणाऱ्या माणसाच्या निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र हा कार्यक्रम ठेवू नका. बॅग भरणं, कागदपत्रं शोधणं आणि डोळ्यांतलं पाणी, सगळं एकाच संध्याकाळी येतं. मध्ये दोन दिवस मोकळे हवेत.

आता कळीचा प्रश्न: काय हलवायचं आणि काय पंचविसासाठी राखायचं? हे आधी बोलून ठरवा. जेवण, भेटवस्तू, गाणी आणि एकत्र वाचन हे सगळं लवकरच्या दिवशी पूर्ण करा. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओव्या मोठ्यानं वाचायला चार मिनिटंही लागत नाहीत. लहान मुलाला वाचायला द्यायच्या असतील तर दोन दिवस आधी हातात द्या.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, मेणबत्त्या मात्र चर्चच्या रविवारांप्रमाणेच लावा. पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येतो. तुमच्या दिवसापर्यंत जितके रविवार झाले असतील तितक्याच मेणबत्त्या पेटवा. उरलेल्या आणि नाताळाची मधली पांढरी यांना हात लावू नका. गोठ्यातली गव्हाणीही रिकामीच राहू द्या. चोवीसच्या रात्री दूर गेलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावून बाळ येशूची मूर्ती ठेवली की त्या रात्रीलाही स्वतःचं काम उरतं. ‘आपला नाताळ तर होऊन गेला’ ही मुलांची कुरकुर त्यानं बरीच थांबते.

मुलांच्या खिडक्यांच्या कॅलेंडरचा घोळ मात्र आधीच सोडवा. एक ते चोवीस डिसेंबर रोज एक उघडायची अशा त्यात चोवीस खिडक्या असतात आणि लवकरच्या नाताळाला निम्म्याच उघडलेल्या असतात. रोज दोन उघडून गणित जमवू नका, कॅलेंडर चोवीसपर्यंत तसंच चालू द्या. घरच्या दिवसाची उलटी मोजणी वेगळ्या कागदावर करा.

केक, झाड, भेटी

फळांच्या केकचं वेळापत्रकही तितकेच दिवस मागे सरकतं आणि इथेच लोक गडबडतात. सुका मेवा महिनाभर भिजवायला वेळ नसेल तर ५०० ग्रॅम मेव्याला १५० मिली संत्र्याचा रस घालून मंद आचेवर ५ मिनिटं गरम करा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी रस उरला तर निथळून घ्या, नाहीतर मिश्रण पातळ होऊन मेवा तळाशी बसतो. मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा मेव्याला चोळला की तो बसण्याचा धोका आणखी कमी होतो. २० सेंमीच्या भांड्याला कागदाचं दुहेरी अस्तर लावा, १५० अंश सेल्सिअसवर भाजा आणि दोन तासांनंतर सळई घालून पाहायला लागा. वरून लवकर काळा पडत असेल तर फॉइल झाका. केक पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळा. कोमट असताना गुंडाळला की आत पाणी सुटतं आणि बुरशी येते. तीन दिवस तरी मुरू द्या. ताजा केक कापताना भुगा होतो.

बाकी स्वयंपाकातलं जे आदल्या दिवशी करता येतं ते तेव्हाच करा. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं आणि दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट न करता वाफा येईपर्यंत गरम व्हायला हवं. मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर मधलं अन्न तासन्‌तास गरम राहतं, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवा.

खरं झाड आणत असाल तर बुंध्याचा तळ साधारण २ सेंमी कापून लगेच पाण्यात उभं करा. उशीर झाला तर कापावर राळ धरते आणि झाड पाणी ओढत नाही. लवकरच्या नाताळासाठी आणलेलं झाड पंचविसापर्यंत टिकवायचं असेल तर भांड्यातलं पाणी कधीही कापाच्या खाली जाऊ देऊ नका. पहिले काही दिवस रोज दोनदा बघा. सुया हाताला कोरड्या लागून झडू लागल्या की दिवे काढा.

भेटींची मागणी किमान दहा दिवस आधी नोंदवा. विमानानं जाणाऱ्याला मात्र कागदात गुंडाळलेली भेट देऊ नका, सुरक्षा तपासणीत ती उघडायला लावू शकतात. कापडी पिशवी बरी, आणि आतली वस्तू वजनाला हलकी.

कृतज्ञतेची बरणी

सणाच्या गडबडीत सगळ्यात आधी गळते ती रोज मिळणाऱ्या लहानसहान गोष्टींची आठवण, आणि निरोप जवळ असलेल्या घराला तिचीच जास्त गरज असते. तीन आठवडे आधी एक बरणी, पेन आणि तळहाताएवढ्या चिठ्ठ्या अशा जागी ठेवा जिथे सगळे रोज जातात. पाण्याच्या भांड्याजवळची जागा उत्तम, पुस्तकांचं कपाट निरुपयोगी. प्रत्येकानं आठवड्यातून दोनच चिठ्ठ्या लिहायच्या. रोजची सक्ती केली की चौथ्या दिवसापासून ‘घर, जेवण, आरोग्य’ असं हजेरीपटासारखं लिहिलं जातं. एमन्स आणि मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ च्या प्रसिद्ध प्रयोगातही एका गटानं आठवड्यातून एकदाच, फार तर पाच गोष्टी लिहिल्या होत्या. दहा आठवड्यांनी, कटकटींची यादी करणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्य अधिक समाधानाचं वाटत होतं.

चिठ्ठीवर तारीख, एक माणूस आणि एक घडलेली गोष्ट. ‘आई चांगली आहे’ हे चालणार नाही. ‘मंगळवारी मी उशिरा आलो तेव्हा आईनं दार उघडलं आणि काही विचारलं नाही’ हे चालेल. काही सुचत नसेल तर वजाबाकी करून बघा: आज सकाळी नळाला पाणी नसतं तर? गुडघा दुखत असता तर? शेजारच्यांनी किल्ली ठेवून घेतली नसती तर? टोमणे मात्र आधीच बंद करा. ‘अखेर दादानं भांडी घासली’ ही कृतज्ञता नाही, तक्रारच आहे.

चार माणसांच्या चोवीस चिठ्ठ्या होतात आणि वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. जेवणाआधी वाचायला घेऊ नका, भुकेल्या मुलांना त्यात रस नसतो. जेवण झाल्यावर, केक कापण्याआधीची वेळ चांगली. बरणी फिरवा आणि आपली चिठ्ठी आली तर परत टाकून दुसरी काढा. दुसऱ्याच्या तोंडून वाचलं की लिहिणारा संकोचत नाही. एकेकाला उभं करून ‘तू कशासाठी आभारी आहेस?’ असं विचारणं टाळा, किशोरवयीन मुलं तिथेच मिटतात. वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर त्यांच्या आठवणीची चिठ्ठी चालेल हे आधी सांगून ठेवा, आणि वाचताना कुणी रडलं तर पुढच्या चिठ्ठीची घाई करू नका.

निघणाऱ्यानं बरणीतल्या पाच-सहा चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. बाकीच्या लिफाफ्यात घालून, वर वर्ष लिहून झाडाच्या दिव्यांच्या खोक्यात ठेवा. पुढच्या डिसेंबरात ते खोकं उघडताना त्या आपोआप हाती लागतात.