अंगावरून जास्त जातंय, रक्त कमी आहे: आहार, काढे आणि गोळ्या कशा घ्यायच्या

पाळी सात दिवसांच्या पुढे चालते, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात, रात्री चादर खराब होते. यातलं एक जरी महिन्यामागून महिने होत असेल, तर रक्त जास्त जातंय असं समजायचं. एका पाळीत 30-40 मिली रक्त जाणं नेहमीचं आहे. ते 80 मिलीच्या पुढे गेलं की दर महिन्याला 30 ते 40 मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं आणि रोजच्या जेवणातून तेवढं भरून निघत नाही. मग जिना चढताना धाप लागते, केस गळतात, माती-खडू खावासा वाटतो. घरात मात्र सगळे म्हणतात, "कामानं थकली असेल."

आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या, कारण साठ्यातलं लोह संपल्यावरही हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षयच. 11 ते 12 च्या मधे असेल तर आहारावर जोर देऊन आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोहाची गोळी घेऊन सावरता येतं. 11 च्या खाली गोळी हवीच, आहार तिच्या जोडीला. 8 च्या खाली असेल तर लाडू-काढ्यांत दिवस घालवू नका, थेट दवाखान्यात जा. सोबत सोनोग्राफी आणि थायरॉईडचीही तपासणी करायला सांगा. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉईड, तांबी, पीसीओडी, असं कारण तसंच राहिलं तर वरून कितीही लोह घातलं तरी ते खालून जातच राहणार.

गूळ चांगला, पण त्यावर विसंबू नका

कोल्हापुरात प्रत्येक दुखण्यावर गुळाचा खडा आहे आणि आपल्या गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. तरीही हिशेब सांगायलाच हवा. बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं आणि 25 ग्रॅम गुळातून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळतं. साखरेऐवजी गूळ वापरा, औषध म्हणून ढेपच्या ढेप संपवू नका. घेताना पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळा, कारण तो रंग बहुतेकदा हायड्रोस नावाच्या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा असतो. भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला गूळ गडद तपकिरी निघतो.

खरं लोह आणायचं तर हुलगे, मटकी, चवळी, राजगिऱ्याची आणि पोकळ्याची भाजी, शेवग्याचा पाला, अळीव, तीळ यांच्याकडे वळा. गगनबावडा, राधानगरीकडची नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, लोह तिच्यात मध्यमच. मटण खाणाऱ्या घरात एक गोष्ट बघा: लोह असतं ते फोडींत आणि कलेजीत, तांबड्या-पांढऱ्या रश्शात नाही. फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जाऊन बाईच्या वाटीत नुसता रस्सा उरतो, हे थांबायला हवं. आठवड्यातून एकदा 75-100 ग्रॅम कलेजी पुरते. मात्र गरोदरपणात कलेजी नको, तिच्यातलं जास्तीचं अ जीवनसत्त्व बाळाला घातक ठरतं.

डाळी-भाज्यांतलं लोह शरीरात शेकडा पाच-दहाच शिरतं. ते वाढवायचे उपाय अगदी साधे आहेत. जेवणात अर्धं लिंबू पिळा, किंवा आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो घ्या. कडधान्याला मोड आणा आणि पिठं आंबवा, म्हणजे लोहाला अडवणारे घटक कमी होतात. नाचणीची आंबील म्हणूनच नुसत्या लापशीपेक्षा सरस. आमटी, टोमॅटोची किंवा चिंचेची भाजी लोखंडी कढईत करा. त्यातलं लोह खरोखर अन्नात उतरतं. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते, चव बिघडते.

आणि चहा. जेवणावर लगेच घेतलेला कपभर चहा त्या जेवणातलं बरंचसं लोह बांधून टाकतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. सगळ्या सल्ल्यांत हाच सगळ्यात स्वस्त आणि हाच सगळ्यात कमी पाळला जातो.

हुलग्याचं माडगं

बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला आपल्याकडे माडगं देतात, ते पाळीनंतरच्या आठवड्यातही द्यावं. पाव किलो हुलगे निवडून घ्या (खडे फार असतात) आणि मंद आचेवर 10-12 मिनिटं भाजा. खमंग वास सुटून दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला पाहिजे. गार झाल्यावर बारीक दळा. एका माणसासाठी दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा आणि मग दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतत ढवळा. सात-आठ मिनिटं शिजू द्या. त्यात 25 ग्रॅम गूळ, पाव चमचा सुंठ, चिमूटभर मीठ आणि एक चमचा किसलेलं खोबरं घाला.

पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. हुलगे कमी भाजले तर कच्चट, उग्र वास राहतो आणि पोट फुगतं. दूध घालायचं असेल तर माडगं खाली उतरवून थोडं निवल्यावर घाला, गुळाबरोबर उकळलं तर ते फाटतं.

अळिवाचे लाडू

पाव वाटी अळीव (साधारण 45 ग्रॅम) एक वाटी नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवा. दाणा फुगून बुळबुळीत व्हायला हवा, तळाशी कोरडे दाणे राहिले तर आणखी पाणी घाला. त्यात दोन वाट्या ओलं खोबरं आणि एक वाटी चिरलेला गूळ मिसळून मंद आचेवर परता. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की जायफळ आणि चमचाभर तूप घालून उतरवा. कोमट असतानाच वळा, 12-14 लाडू होतात. ओलं खोबरं असल्यानं बाहेर एकच दिवस ठेवा, फ्रीजमधे आठवडाभर टिकतात. दिवसाला एक पुरे. दोन-तीन खाल्ले की जुलाब होतात. अळीव कोरडे कधी खाऊ नका, घशात फुगतात. गरोदरपणात अळीव टाळा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

गोळी कशी घ्यायची

लोहाची गोळी पाण्याबरोबर, शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्या. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या, किंवा डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड. दिवसाआड गोळी चांगली शोषली जाते असं अभ्यासांत दिसलंय. दूध, चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. शी काळी होते, त्याला घाबरू नका. महिनाभरानं हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी पोटात जात नाही, रक्तस्राव चालूच आहे, पोटात जंत आहेत, बी-12 कमी आहे किंवा मूळ दुखणं थॅलेसेमियाचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. आकडा नीट झाल्यावर पुढे तीन महिने गोळी चालू ठेवा, साठा तेव्हा भरतो. बहुतेकजणी इथेच बंद करतात आणि सहा महिन्यांत परत तिथंच येतात.

पोटदुखी

पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतलं दुखणं गर्भाशय आकुंचन पावल्यामुळे होतं. पाव ते अर्धा चमचा सुंठ कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून, जेवणानंतर, दिवसातून दोनदा तीन दिवस घ्या. सुंठेचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. मात्र फार रक्तस्राव होत असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नको. ओटीपोटावर टॉवेल गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी 20 मिनिटं ठेवणं तर कुणालाही चालतं. वयानुसार दुखणं वाढत चाललं असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) शंका घ्या. ते सुंठेनं जाणार नाही.

अशोकाची साल

जास्त रक्तस्रावावर वैद्य अशोकाचा क्षीरपाक सांगतात: एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, पाणी आटून दूध उरेपर्यंत. यातली चूक झाड ओळखण्यात होते. बंगल्याच्या कंपाउंडला सरळसोट वाढणारा, नागमोडी कडेच्या लांब पानांचा तो खोटा अशोक, आसुपालव. त्याची साल खरवडून काढा करणं व्यर्थ. खऱ्या सीता-अशोकाला एका देठावर जोडीजोडीनं पानं असतात, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी, फुलं केशरी-लाल गुच्छांनी. बाजारात सालीत भेसळ भरपूर चालते, म्हणून पूड विकत घेऊ नका, ओळखीच्या वैद्याकडूनच घ्या. अशोकारिष्टात गूळ आणि आंबवण्यातून आलेलं मद्य असतं, मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं ते टाळावं. कुठलीही बेनाव पुडी किंवा "गर्भाशयाचं टॉनिक" घेऊ नका, काहींत शिसं किंवा पारा सापडतो.

पांढरं जाणं

बिनवासाचं, पातळ पांढरं जाणं पाळीच्या चक्रात होतंच. दह्यासारखं घट्ट आणि खाज, माशासारखा वास किंवा हिरवट रंग असला तर उपचार लागतो. तुरटी, लिंबू, लसूण, हळद आत घालू नका. तिथली त्वचा भाजते आणि संसर्ग वाढतो. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी तपासणी ताबडतोब करा.

मूल हवं असेल तर

गर्भ राहायच्या किमान एक महिना आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा. बाळाच्या पाठीच्या कण्याची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, तेव्हा दिवस गेल्याचं बहुतेकींना कळलेलंही नसतं. गरोदरपणी कच्ची पपई आणि कोरफडीचा रस टाळा, पिकलेली पपई चालते. हिमोग्लोबिन 11 च्या वर ठेवा. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी मोफत असते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचं असो की गावच्या केंद्रात, जाताना चालू असलेल्या सगळ्या काढ्यांच्या, पुड्यांच्या आणि गोळ्यांच्या पाकिटांसह जा.